चांदोलीत एवढा पाऊस पडतो, मग मार्चमध्ये रान कोरडे का?

गेल्या अंकात आम्ही चांदोली राष्ट्रीय उद्यानाची थोडक्यात ओळख करून दिली होती. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, तिथे सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचे हे रान पसरले आहे. १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये शेजारच्या कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत त्याचाही समावेश झाला. त्या टिपणावर आलेल्या पत्रांत वाघापेक्षा पावसाचीच चौकशी अधिक होती, हे पाहून आम्हाला बरे वाटले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : चांदोलीचा परिसर राज्यातील सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात मोडतो, असे तुम्ही लिहिले होते. आम्ही मार्चअखेरीस तिथे गेलो, तेव्हा वाळलेले गवत, पाने झडलेली झाडे आणि कोरडे पडलेले ओढेच अधिक दिसले. नातवंडांना हिरवेगार जंगल दाखवायचे राहूनच गेले. एवढा पाऊस पडतो, तर तो जातो कुठे? (निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

उत्तर : तुम्ही वाचले ते खरे आणि पाहिले तेही खरे. या दोहोंत विसंगती वाटते, कारण पावसाचा विचार आपण वर्षाच्या एका आकड्यात करतो. झाडाला मात्र त्या आकड्याशी फारसे देणेघेणे नसते. सलग किती महिने पाण्यावाचून काढावे लागणार, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो. सह्याद्रीच्या आपल्याकडील भागात वर्षाचा नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. महाबळेश्वरचे उदाहरण घ्या. तिथे एकट्या जुलैत २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या वर्षभराच्या पावसाच्या अडीचपटीहून अधिक. पण ऑक्टोबरमधल्या परतीच्या सरी ओसरल्या, की मेमधल्या वळवापर्यंत आकाश जवळजवळ कोरडेच राहते. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, केरळात, चित्र वेगळे आहे. तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस लवकर येतो, त्याच्या आधी उन्हाळी सरी बऱ्यापैकी पडतात आणि तो सरल्यावर ईशान्य मोसमी पावसाचाही लाभ होतो. त्यामुळे कोरडे महिने दोन-तीनच उरतात. आपल्याकडे ते सात-आठ असतात. एकूण पाऊस सारखा असला, किंबहुना आपल्याकडे अधिक असला, तरी दोन्हीकडची जंगले निराळी दिसतात ती यामुळे.

आता पाणी जाते कुठे, ते पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आषाढात या माथ्यावर एका दिवसात २००-३०० मिलिमीटर पाऊस होणे नवलाचे नाही, म्हणजे सतरंजीएवढ्या तुकड्यावर शेकडो लिटर पाणी ओतले जाते. खाली काळा पाषाण, त्यावर कुठे हातभर तर कुठे वीतभर माती आणि त्यातही तीव्र उतार, अशी इथली रचना आहे. माती एकदा भरली, की ती आणखी पाणी घेत नाही. जूनच्या अखेरीस बहुतेक ठिकाणी ती भरलेली असते आणि पुढे पडणारे हजारो मिलिमीटर पाणी ओढ्यांनी वारणेत, वारणेतून चांदोली धरणाच्या वसंतसागर जलाशयात आणि तेथून सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर कृष्णेत जाते. थोडक्यात, वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस पडला काय आणि ६,००० पडला काय, फेब्रुवारीतल्या झाडाच्या मुळाशी शिल्लक राहणाऱ्या ओलीत फार मोठा फरक पडत नाही. धरणात पडतो, नदीच्या पुरात पडतो, पण मुळाशी नाही.

म्हणून इथले जंगल निमसदाहरित आणि आर्द्र पानझडी अशा दोन प्रकारांत विभागलेले आढळते आणि ही विभागणी पावसाच्या आकड्यांपेक्षा जमिनीच्या खोलीनुसार ठरते. तुम्ही बहुधा मुख्य रस्त्याने गेलात. त्या बाजूला पुनर्वसन झालेल्या गावांची जुनी शेते आहेत. तिथे आता गवताळ कुरणे झाली आहेत आणि गवत डिसेंबरपासूनच पिवळे पडू लागते. उतारांवर ऐन, किंजळ, नाणा, कुंभा ही पानझडी झाडे आहेत, ती मार्चमध्ये उघडी पडतात. पण त्याच उतारावरून एखाद्या घळीत डोकावले असते, तर अंजनी, जांभूळ, पिसा यांची गर्द सावली मिळाली असती. या घळींत माती साठते, कडेचा खडक ऊन अडवतो आणि झिरपा उन्हाळ्यापर्यंत टिकतो. अंजनीचे एखादे पान हातात घेऊन पाहावे. ते जाड, चामड्यासारखे आणि वरून तुकतुकीत असते, कारण आठ महिने पाणी बाहेर जाऊ न देणे हेच त्याचे काम. आणि गंमत अशी, की रान कोरडे पडत असतानाच, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, या झाडाच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ थेट चिकटून येतात. पुढच्या खेपेस नातवंडांना हिरवाई दाखवायची असेल, तर रस्त्याच्या दोन्ही कडांकडे पाहण्याऐवजी वनरक्षकांना विचारून ओढ्याकाठच्या रानाकडे पाहा, एवढेच सुचवतो.

प्रश्न : पाथरपुंजने चेरापुंजीला मागे टाकले, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. हे खरे आहे का, की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांचा अभिमान? (सदाशिव पेठ)

उत्तर : थोडे खरे, थोडा अभिमान. पाटण तालुक्यातील पाथरपुंज हे गाव चांदोलीच्या उत्तर अंगाला, वारणेच्या उगमाच्या परिसरात आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तिथल्या नोंदीने ७,००० मिलिमीटरचा टप्पा ओलांडला आणि त्या हंगामात तो आकडा मेघालयातील प्रसिद्ध ठिकाणांच्या पुढे होता. परंतु एका वर्षाच्या नोंदीची तुलना दुसऱ्या ठिकाणच्या त्याच वर्षाशी करणे वेगळे आणि त्यावरून ‘सर्वाधिक पावसाचे ठिकाण’ ही पदवी देणे वेगळे. हवामानशास्त्रात पदवी ठरते ती साधारण तीस वर्षांच्या सरासरीवरून आणि चेरापुंजीशेजारच्या मौसिनरामची सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या पुढे आहे. तिच्या जवळ यायला पाथरपुंजला अजून पुष्कळ भिजावे लागेल.

यात एक तांत्रिक बाबही आहे. पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि तो आकडा मागील चोवीस तासांचा धरतात. ‘काल दिवसभर पाऊस नव्हता, तरी आकडा मोठा कसा’ अशी तक्रार जी पत्रांत येते, तिचे उत्तर बहुतेक वेळा त्या साडेआठच्या घड्याळातच असते. शिवाय कड्यावर वारा इतका जोरदार असतो, की थेंब आडवे येतात आणि मापकाच्या तोंडात न पडता पुढे निघून जातात. माथ्यावरील नोंदी त्यामुळे खऱ्या पावसापेक्षा कमी येण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणजे पाथरपुंजवर अन्याय होत असेल, तर तो वर्तमानपत्रांकडून नव्हे, वाऱ्याकडून होतो.

प्रश्न : मी भूगोलाचा विद्यार्थी आहे. चांदोलीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस आणि पूर्वेला ५० किलोमीटरच्या आसपास असलेल्या कराडला जेमतेम ७०० मिलिमीटर, हे पुस्तकात ‘पर्जन्यछाया’ या एका शब्दात संपते. प्रत्यक्षात हवेत काय घडते, ते सविस्तर सांगाल का? (कर्वेनगर)

उत्तर : सांगतो, आणि सुरुवात तुमच्या ओळखीच्या रस्त्यावरून करू. पावसाळ्यात चांदणी चौकातून भुरभुरीत निघालेला माणूस पिरंगुट, पौड करत ताम्हिणीत पोहोचतो, तेव्हा समोरच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होतात. पुण्याचा वार्षिक पाऊस ७०० मिलिमीटरच्या थोडा पुढे आहे, ताम्हिणीचा त्याच्या कित्येक पट आहे. चांदोली आणि कराड यांच्यात जे घडते, तेच इथेही घडते.

अरबी समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य वारा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत वेगवान असतो आणि त्याचा खालचा थर बाष्पाने ओथंबलेला असतो. कोकणपट्टी ओलांडल्यावर त्याच्या वाटेत एकदम हजारभर मीटरची भिंत उभी राहते आणि त्याला वर चढावे लागते. वर हवेचा दाब कमी, म्हणून चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्प सुटे असेपर्यंत दर १०० मीटरला सुमारे एक अंश आणि ढग बनू लागल्यावर साधारण अर्धा अंश, या गतीने तापमान उतरते. ढग बनताना बाष्पातील उष्णता बाहेर पडते, म्हणून नंतरची घट निम्म्यावर येते. समुद्रावरून आलेल्या मिठाच्या सूक्ष्म कणांभोवती थेंब लवकर मोठे होतात, एकमेकांत मिसळतात आणि बर्फाच्या अवस्थेत न जाताच पडू लागतात. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या पावसात गडगडाट कमी आणि चिकाटी अधिक असते. वळवासारखा तो तासाभरात मोकळा होत नाही, दिवसरात्र झड लावतो. पुनर्वसूच्या तरण्या पावसापासून पुष्याच्या म्हाताऱ्या पावसापर्यंतचे दिवस हे या झडीचेच.

माथा ओलांडला, की हीच हवा पूर्वेकडे खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, ढगातील थेंब पुन्हा बाष्प होऊ लागतात आणि तळाशी ढग असूनही पाऊस मंदावतो. बरेचसे बाष्प माथ्यावरच सांडलेले असते, ते वेगळेच. कराडच्या पुढे खटाव, माण, आटपाडी, जत असे जात राहिले, तर पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. एक गोष्ट मात्र पुस्तकात सहसा नसते, ती वहीत लिहून ठेवावी. ही रेषा सरळ नाही. ज्या ठिकाणी वारणेसारखी दरी पूर्वेकडे उघडते, तिथे ढग दरीतून आत शिरतात आणि पावसाचा पट्टा थोडा पूर्वेकडे सरकतो. जिथे माथ्यामागे दुसरी डोंगररांग उभी असते, तिथे तो झटकन तुटतो. महाबळेश्वर आणि पाचगणी यांत वीसेक किलोमीटरचेही अंतर नाही, पण पाचगणीत पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी पडतो.

या ढगांचा अभ्यास करायचा असेल, तर तुम्ही चांगल्या शहरात आहात. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या भौतिकीची उंचावरील प्रयोगशाळा सुरू केली आहे. तिथे ढग प्रयोगशाळेच्या खिडकीतून आत येतो, त्यासाठी विमान लागत नाही. आणि शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला जुने पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिथून भारतीय हवामानशास्त्र विभागाचे काम १९२८ पासून चालते. तिथल्या जुन्या नोंदी पाहायला मिळाल्या, तर प्रकल्पाला विषय शोधत फिरावे लागणार नाही.

प्रश्न : आमची एक लहान संस्था आहे. दर जूनमध्ये आम्ही टेकड्यांवर रोपे लावतो. चांदोलीजवळच्या सड्यांचे फोटो पाहिले, मैलोन्‌मैल उघडे खडक. तिथे वृक्षारोपण केले, तर जंगल वाढेल आणि पाऊसही वाढेल, असे आम्हाला वाटते. परवानगी कशी मिळवावी? (सिंहगड रस्ता)

उत्तर : परवानगी मिळू नये, अशी आमची प्रामाणिक इच्छा आहे. राग मानू नका, कारणे सांगतो.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. लाखो वर्षांच्या ऊनपावसाने मूळ काळ्या पाषाणातील विरघळणारी द्रव्ये निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि माथ्यावर हे तांबूस, छिद्राळ कवच तयार झाले. त्यावर माती बोटभर, तीही खाचांमध्येच. इथे झाडे ‘नाहीत’ असे म्हणणे चुकीचे आहे, इथे झाडे येतच नाहीत. चांदोलीतील झोळंबीचा सडा किंवा साताऱ्याजवळचे कासचे पठार जुलैत पाहिले, तर त्याच बोटभर मातीत आणि साचलेल्या डबक्यांत किती जीव आपले वर्ष उरकून घेतात, ते दिसेल. गेंदाच्या पांढऱ्या बोंडांचे गालिचे, सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुले, तेरडा, कवला, सोनकी, हे सगळे ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत येऊन जाते. यातील सीतेची आसवे ही वनस्पती कीटकभक्षी आहे. मातीत नत्र जवळजवळ नसते, म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव मुळांसारख्या तंतूंवरच्या इवल्या पिशव्यांत पकडते. काही गवते मेमध्ये पार जळून गेल्यासारखी दिसतात आणि पहिल्या सरीनंतर तीच पाती पुन्हा हिरवी होतात. कोयना परिसरातून १९६३ मध्ये प्रथम नोंदवला गेलेला कोयना भेक हा बेडूकही अशा खडकांवरच्या उथळ पाण्यावर अवलंबून असतो. जगात इतरत्र न सापडणाऱ्या कितीतरी जातींचे घर हे उघडे खडक आहेत. तिथे खड्डे खणून, बाहेरची माती आणून रोपे लावली, तर रोपे मार्चपर्यंत मरतील आणि आणलेल्या मातीबरोबर आलेले तण मात्र राहील.

आता पावसाचे. जंगल वाढले की पाऊस वाढतो, हे वाक्य आपल्याकडे भिंतींवर इतके लिहिले गेले आहे, की त्याची तपासणी करणे कोणाला सुचत नाही. चांदोलीच्या माथ्यावर पावसाचा मुख्य कर्ता डोंगर आहे, वारा आहे आणि समुद्र आहे. उद्या तिथली सगळी झाडे गेली, तरी जुलैतला ढग त्या भिंतीवर आदळून पाऊस पाडणारच. झाडांचे काम दुसरे आहे आणि ते कमी महत्त्वाचे नाही. पडलेला पाऊस पानांवर झेलून त्याचा मार कमी करणे, मुळांच्या वाटांनी तो मातीत मुरवणे, पावसाळ्यानंतरच्या धुक्यातील ओल पानांवर धरून थेंबाथेंबाने खाली सोडणे आणि जमिनीतले पाणी पानांतून पुन्हा हवेत पाठवणे, ही ती कामे. या शेवटच्या कामाचा लाभ दुसऱ्यांनाही होतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की पश्चिम घाटातील जंगलांनी हवेत सोडलेल्या बाष्पाचा तामिळनाडूच्या मोसमी पावसात लक्षणीय वाटा असतो आणि टंचाईच्या वर्षी तो वाढतो. म्हणजे जंगल पाऊस ‘आणते’ हे सरसकट खोटेही नाही. फक्त तो कोठे आणि किती, याचे उत्तर भिंतीवरच्या घोषणेपेक्षा गुंतागुंतीचे आहे.

तुमच्या संस्थेला काम हवेच असेल, तर ते जूनमध्ये नव्हे, जानेवारीत शोधा. सह्याद्रीतल्या जंगलाचा मोठा शत्रू वणवा आहे. आठ महिन्यांचा कोरडा काळ, छातीएवढे वाळलेले गवत आणि कोणीतरी टाकलेली काडी, एवढे पुरते. आग उतारावरून वर चढत जाते आणि रानाच्या कडेची कोवळी झाडोरी दरवर्षी खाऊन टाकते, त्यामुळे घळीतले सदाहरित रान बाहेर पसरूच शकत नाही. वनविभाग पावसाळा संपल्यावर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्या, काढतो, त्याला मनुष्यबळ नेहमीच कमी पडते. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरही हीच परिस्थिती आहे. जाळरेषेच्या कामात फोटो चांगले येत नाहीत, हा तोटा मान्य करावा लागेल.

प्रश्न : महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ हिमकण दिसतात, पण हवामान खात्याचे किमान तापमान मात्र शून्याच्या बरेच वर असते. मग बर्फ कसा होतो? चांदोलीतही असे घडते का? (हडपसर)

उत्तर : खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो आणि तो त्या उंचीवरील हवेचे तापमान सांगतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे वेगाने सोडते, त्यामुळे गवताचे पाते, गाडीचा टप, बोटीच्या धक्क्याची फळी, स्ट्रॉबेरीचे पान यांचे तापमान हवेपेक्षा कितीतरी खाली जाते. त्यात थंड हवा जड असल्याने आजूबाजूच्या उतारांवरून घरंगळत तलावाच्या खोलगट भागात साचते. पेटीतला पारा पाच-सहा अंशांवर असतानाही पात्यावरचे दव गोठते ते यामुळे. पुण्यातही हाच नियम लहान प्रमाणावर दिसतो. लोहगाव उंचावर मोकळे आहे, म्हणून थंडीतही तिथली किमान नोंद शिवाजीनगरपेक्षा काही अंशांनी अधिक असते.

चांदोलीची उंची साधारण ५९० ते १,०४४ मीटर, म्हणजे महाबळेश्वरहून बरीच कमी. शिवाय दाट झाडी जमिनीची उष्णता पूर्णपणे सुटू देत नाही आणि जलाशयाचे पाणी दिवसाची ऊब रात्री परत करते. त्यामुळे दव गोठण्याची परिस्थिती तिथे क्वचितच जुळेल. पहाटेचे धुके मात्र दाट असते आणि जलाशयावरून ते दहा-साडेदहापर्यंत हलत नाही. उन्हाळ्याबद्दलही काही वाचकांनी विचारले आहे. माथा कराडपेक्षा जवळजवळ ५०० मीटर उंच आहे, म्हणून तिथे तापमान साधारण तीन अंशांनी कमी असते. यापेक्षा अधिक गारव्याची अपेक्षा ठेवून मेमध्ये जाऊ नये.

प्रश्न : जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसे गेली. हे हवामान बदलामुळेच, असे म्हणता येईल का? (औंध)

उत्तर : २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि त्याच दिवसांत आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या. एका घटनेचे कारण म्हणून हवामान बदलाकडे बोट दाखवणे शास्त्राला धरून नाही. इतका पाऊस पाडण्याची क्षमता या डोंगरात पूर्वीपासून आहे. मात्र घटनांच्या वारंवारितेबद्दल बोलता येते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रमाणावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दाखवले आहे. त्याचे एक कारण म्हणून त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पातील वाढत्या चढउतारांकडे लक्ष वेधले. त्याच काळात त्या भागातील एकूण मोसमी पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे तेवढेच किंवा थोडे कमी पाणी अधिक मोठ्या घोटांनी येत आहे.

पहिल्या उत्तरात मातीबद्दल जे लिहिले, त्याची येथे आठवण ठेवावी लागते. पाऊस थोड्या दिवसांत एकवटला, की मुरण्याचे प्रमाण घटते, वाहून जाण्याचे वाढते आणि दोन झडींमधली उघडीप लांबते. वार्षिक सरासरी जागच्या जागी राहूनही रान आणखी कोरडे होऊ शकते. दरडींबाबत उताराचा कोन, पाषाणावरच्या कुजलेल्या मातीच्या थराची जाडी आणि उतार कापून काढलेले रस्ते, या तिन्ही बाबी पावसाइतक्याच महत्त्वाच्या असतात. केवळ आकाशाला दोष दिल्याने जमिनीवरच्या चुका झाकल्या जातात, असे आमचे मत आहे.

प्रश्न : जंगल एवढे दाट, पाणीही भरपूर, मग ताडोबासारखे वाघ इथे का नाहीत? (चिंचवड)

उत्तर : वाघ गव्या-सांबरांवर जगतो आणि तृणभक्षी प्राणी गवतावर. अतिपावसाच्या दाट रानात जमिनीपर्यंत ऊन पोहोचत नाही, कारवीची झुडपे सगळी जागा व्यापतात आणि खाण्याजोगे गवत कमी उगवते. पाऊस पोषणद्रव्ये धुऊन नेतो, त्यामुळे उगवलेले गवतही निकस असते. म्हणून पुनर्वसित गावांची कुरणे वाघांच्या दृष्टीने मोलाची आहेत आणि ती झाडांनी भरून काढण्याचा आग्रह धरू नये. तरीही ताडोबाची घनता येथे कधी येईल, अशी अपेक्षा निसर्गाच्या हिशेबात बसत नाही.

प्रश्न : पुण्याहून चांदोलीला जायचे, तर कोणत्या महिन्यात आणि कसे? (बाणेर)

उत्तर : पावसाळ्याचे महिने उद्यान पर्यटकांसाठी बंद असते आणि ते योग्यच आहे, कारण आतले कच्चे रस्ते त्या काळात रस्ते राहत नाहीत. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात उघडल्यानंतर डिसेंबरपर्यंतचा काळ उत्तम. ओढे वाहते असतात, गवत अजून सोनेरी-हिरवे असते आणि दूरचे दिसते. पक्षी आणि प्राणी पाहायचे असतील, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे, कारण पाणवठे थोडे उरल्याने हालचाल त्यांच्याभोवती होते. बंगळूर महामार्गाने कराड ओलांडून पेठ नाक्यावर उजवीकडे वळावे, शिराळा, कोकरूड, आरळा या मार्गाने उद्यानाच्या वेशीवरील वारणावतीला पोहोचता येते. प्रवेशाची परवानगी, वाहन आणि वाटाड्या यांची व्यवस्था आदल्या दिवशीच करून ठेवावी आणि निघण्यापूर्वी वनविभागाकडे त्या आठवड्यातील स्थिती विचारून घ्यावी. मुक्काम करणार असाल, तर डिसेंबरात दोन स्वेटर आणि कोणत्याही महिन्यात पूर्ण बाह्यांचे, मळकट रंगाचे कपडे न्यावेत. मोबाइलची रेंज बहुतेक ठिकाणी मिळत नाही, तेव्हा घरी तसे सांगून निघावे.